अर्धी प्रदक्षिणा

सुमित्राबाईंचं पत्र राजारामपंतांना जुलै महिन्यात मिळालं होतं. डिसेंबर संपत आला, तरी त्यांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. दिलेलं नव्हतं म्हणजे प्रयत्न केला नव्हता असं नाही. परदेशी टपालाचे अकरा एरोग्राम त्यांनी मायना लिहून फाडले होते. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं की त्यांना ते फार पुढे गेल्यासारखं वाटे, आणि ‘सा. न.’ लिहिलं की कॉलेजच्या प्राचार्यांना रजेचा अर्ज करतोय असं वाटे. नागपूरच्या कॉलेजात बत्तीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या माणसाला लग्नाच्या मागणीला उत्तर कसं द्यावं हे सांगणारं पुस्तक कुठल्याच कपाटात सापडत नव्हतं.

मागणी सुमित्राबाईंनीच घातली होती. त्या त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, लग्न केलेलं नव्हतं, आणि पुस्तकं कधी वेळेवर परत करत नसत. पत्र एका पानाचं होतं. ‘मी चौसष्ट वर्षांची आहे. एक गुडघा गेलेला आहे, दुसरा चांगला आहे. तुमची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. आपण लग्न करायचं का? नको असेल तर नको असं लिहा, मी रडत बसणार नाही. पण लिहा. संक्रांतीपर्यंत वाट बघते. नंतर घर सोडून भाचीकडे इंदूरला जाईन.’

संक्रांतीला सोळा दिवस उरले होते, आणि अमेरिकेहून पत्र जायला पंधरा दिवस लागत. हे गणित पाठ असलेले राजारामपंत त्या शनिवारी सकाळी पश्चिम टेक्सासच्या वाळवंटात, एका दरीच्या तोंडाशी, जावयाचं जाकीट घालून कुडकुडत उभे होते. बाहीतून बोटांची फक्त टोकं दिसत होती. काखेत एक पुस्तक होतं. पुस्तकात ते पत्र होतं आणि पत्ता लिहिलेला बारावा, कोरा एरोग्राम.

त्यांची मुलगी सुलेखा ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला डॉक्टर होती; राजारामपंत उन्हाळ्यापासून तिच्याकडेच होते. नाताळात तिची ड्यूटी लागली, म्हणून जावई गिरीश दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना गाडीत घालून दहा तास ड्राइव्ह करून इथे घेऊन आला होता. दोन्हीकडचे म्हणजे सासरे राजारामपंत आणि त्याची स्वतःची आई, शोभाताई. राजारामपंत देव मानत नसत. शोभाताई त्यांच्या वाटचेही मानत.

“हा लूप ट्रेल आहे,” गिरीश नकाशा उघडून म्हणाला. “मधला तो मोठा खडक आहे ना, त्याच्याभोवती गोल फिरून आपण परत इथेच येतो. पाच मैल. इझी आहे.”

“मग बाण उलटा का दाखवलाय?” शोभाताईंनी पाटीकडे बोट केलं. साडीवर स्वेटर, स्वेटरवर कोट आणि पायांत नातीचे कॅनव्हासचे बूट अशा वेशात त्या सज्ज होत्या.

“उलटा कुठे? असंच जायचं असतं.”

“कशालाही फेरी घालायची ती त्याला उजव्या हाताला ठेवून. डाव्या हाताला ठेवून काय घालतात ते तुला माहीत आहे.”

“आई, तो दगड आहे, यार!”

“आणि देवळात काय असतं?”

गिरीशनं नकाशाची घडी घातली. तिघं बाणाच्या विरुद्ध दिशेनं निघाले. समोरून येणारे सगळे अमेरिकन ‘हाय’ म्हणायचे आणि थोडं काळजीनं बघायचे. शोभाताई प्रत्येकाला ‘हाय’ म्हणून मराठीत सांगायच्या, “तुम्ही उलटे चाललात.”

दरी सुंदर होती. राजारामपंत मात्र खाली बघून मायना शोधत चालले होते. ‘प्रिय सुमित्राबाई’ कसं राहील? प्रिय आणि बाई एका ओळीत शोभत नाहीत. नुसतं ‘सुमित्रा’? छे! बत्तीस वर्षांत त्यांनी तिला दंडाच्या पावतीवरसुद्धा ‘कु. सुमित्रा’ लिहिलं होतं.

अडीच मैलांवर, खडकाच्या मागच्या बाजूला वळण घेतलं आणि शोभाताई जागच्या जागी थांबल्या.

“अरे देवा!”

मागून तो खडक अगदी पिंडीसारखा दिसत होता. वर गुळगुळीत गोल, खाली रुंद बैठक. बैठकीच्या एका कोपऱ्यातून झिरपलेलं पाणी ओघळ होऊन वाट ओलांडत होतं. ओघळ जेमतेम दोन हात रुंद, कडेला पातळ बर्फ धरलेला.

शोभाताईंनी हात जोडले, मान लववली आणि सरळ पाठ फिरवली.

“चला परत.”

“परत? आई, अर्धा झालाय! पुढे गेलं काय, मागे गेलं काय, सेम डिस्टन्स आहे!”

“शंकराला अर्धी प्रदक्षिणा असते. पिंडीचं पाणी ओलांडायचं नाही, तिथून मागे फिरायचं. तुला मुंजीत शिकवलं होतं.”

“मुंज ह्यूस्टनच्या कम्युनिटी हॉलमध्ये झाली होती, आई. मला फक्त केक आठवतो!”

“म्हणून तुझं हे असं झालंय.”

गिरीशनं आशेनं सासऱ्यांकडे पाहिलं. “बाबा, तुम्ही सांगा ना हिला.”

“ते काय सांगणार?” शोभाताई म्हणाल्या. “ते नास्तिक. त्यांना कुणी अडवलंय? व्याहीबुवा, जा तुम्ही ओलांडून. आम्ही येतो मागून.”

राजारामपंत ओघळापाशी गेले. एक पाय उचलला. आणि पाय तिथेच, हवेत, राहिला.

त्यांनी मनाला बजावलं की हे पाणी आहे, तो दगड आहे, हा टेक्सास आहे. पाय ऐकेना. लहानपणी आजोळच्या देवळात आईनं पन्हळीपाशी दंड धरून मागे वळवलं होतं, ती पकड साठ वर्षांनंतरही दंडावर होती. त्यांनी पाय हळूच मागे घेतला.

शोभाताई हसल्या. “तुम्हालाही जमत नाही ना? मला वाटलंच. गेले पाच महिने बघतेय, पुस्तक उघडता, तेच एक पत्र काढता, अर्ध्यावर वाचता, घडी घालता. बाईमाणसाचं अक्षर मला लांबूनही कळतं हो.”

राजारामपंतांचे कान त्या थंडीतही तापले. गिरीश नकाशात इतका गढून गेला की नकाशा उलटा धरलाय हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

“काय विचारलंय तिनं?” शोभाताईंनी आवाज खाली आणला. “काय असायचं ते असू दे. मी माझ्या देवासाठी मागे फिरते. तुम्ही कुणासाठी फिरताय?”

“इथे शनिवारी टपाल किती वाजता जातं?” राजारामपंतांनी एकदम जावयाला विचारलं.

“टपाल? पार्किंगपाशी रेंजरच्या ऑफिसबाहेर निळी पेटी आहे. त्यावर बहुतेक तीन लिहिलंय. का हो?”

साडेबारा वाजले होते. शोभाताईंबरोबर परत जायचं तर दर अर्ध्या फर्लांगावर बसावं लागणार, हे येताना कळलं होतं.

राजारामपंतांनी डोळे मिटले, पुस्तक छातीशी धरलं आणि ओघळ ओलांडला. म्हणजे जवळजवळ ओलांडला. डावा पाय बर्फ मोडून घोट्यापर्यंत पाण्यात गेला. त्यांनी क्षणभर वाट पाहिली. आकाशातून काहीही कोसळलं नाही. मोजा मात्र भिजला.

“बाबा, एकटे जाऊ नका!” गिरीश ओरडला.

“जाऊ दे रे,” शोभाताई म्हणाल्या. “बाणाच्या उलटं जायचं, त्यात हरवण्यासारखं काय आहे?”

ओल्या मोज्यानं माणूस भराभर चालतो. पच पच आवाज करत राजारामपंतांनी अडीच मैल संपवले, समोरून येणाऱ्यांना आपणहून ‘हाय’ म्हटलं, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी रेंजरच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले. बूट काढला. बोटं वळत नव्हती, त्यामुळे मायना लिहायचा राहून गेला. त्यांनी लिहिलं ते असं:

‘होय. करू या. आत्ताच शंकराला ओलांडून आलोय, त्यामुळे डावा पाय गारठला आहे आणि अक्षर वाईट येतंय. फेब्रुवारीत येतो. इंदूरला जाऊ नका. पाच महिने उत्तर दिलं नाही, त्याचा दंड तुम्ही ठरवा. राजाराम.’

वाचून पाहिलं तर दोन ठिकाणी खोडावंसं वाटलं. तेवढ्यात दूर वळणावर शोभाताईंचा कोट दिसला; परतताना त्या कुठेच बसल्या नसाव्यात. राजारामपंतांनी एरोग्रामच्या कडा जिभेनं ओल्या करून चिकटवल्या आणि एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, असे लंगडत पेटीपाशी गेले. झडप ओढली, पत्र टाकलं. पडलं की नाही, म्हणून पुन्हा ओढून पाहिली.

पडलं होतं.

मग, फक्त एक शब्द बदलावा म्हणून, त्यांनी आत हात घालून पाहिला. पण अमेरिकन लोकांनी ती पेटी अशी बनवली होती की पत्र आत जाई, हात जात नसे.