स्ट्रेचरवरचं बकरं

शिवऱ्याला हायवेच्या कडेला रतनबाईची चहाची टपरी आहे. टपरीपुढं एक बाक आहे आणि त्या बाकावर आम्ही तिघंचौघं बसतो. आम्हाला दुसरं काम नाही. असतं तरी केलं नसतं. कुणी काही करताना दिसला की त्याला हसायचं हा आमचा धंदा, आणि त्यात आख्ख्या भोर तालुक्यात आमचा हात धरणारा कुणी निघायचा नाही.

रतनबाई नगरकडची, ख्रिस्ती. नवरा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. तो वारला आणि बाई इथं भावाच्या जागेत टपरी टाकून बसली. चहा फर्मास करायची, पण तिला एक खोड होती. ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला की हातातली पळी खाली. रस्त्याकडं तोंड करून उभी राहायची, डोळे मिटायची आणि पुटपुटायची, "प्रभू, आत कोण आहे मला माहीत नाही. तुला माहीत आहे. त्याच्याजवळ बस." रोज तेवढंच, शब्द कमी नाही की जास्त नाही. भोंगा विरेपर्यंत डोळे उघडायची नाही. गॅस बंद करायचंही सुचायचं नाही. दूध इतकं उतू जायचं की टपरीमागच्या ओढ्यातले खेकडे चार महिन्यांत गोरेपान झाले. खोटं वाटत असेल तर ओढ्याला विचारा.

बाकावरच्या गेनूनं एकदा तिला विचारलं, की बाई, गाडीत तुझं कोण असतं? ती म्हणाली, कुणी नाही. मग सांगत बसली. नवऱ्याला ॲम्ब्युलन्सनं नेत होते, गाडी गर्दीत अडकली होती. मागच्या काचेतून तिला रस्त्यावरची एक बाई दिसली. डोक्यावर सरपणाचा भारा. ना ओळख ना पाळख. ती थांबली, भारा तसाच सावरून तिनं गाडीकडं बघून हात जोडले. "देव कुठं आहे म्हणून मी भांडत होते त्याच्याशी," रतनबाई म्हणाली. "ती बाई दिसली आणि वाटलं, आहे. नवरा वाचला नाही. पण मी वाचले."

हे ऐकून आम्ही गप्प बसायला पाहिजे होतं. माणसं असतो तर बसलो असतो.

आता गोरख. हा पालीचा, राजगडाच्या पायथ्याचा. पुण्यातल्या कुठल्याशा खाजगी दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायचा. पेशंट पोचवून परत येताना गाडी मोकळी, पण भोंगा चालूच. कारण काय, तर दुपारी एकला आईच्या हातची गरम भाकरी खायची असायची. कधी सिमेंटची पोती, कधी लग्नाचं वऱ्हाड, सगळं भोंग्यावर. टपरीसमोर रोज डोळे मिटून उभी असलेली बाई बघून त्या येड्याला वाटायचं, ती आपल्यालाच नमस्कार करते. खिडकीतून हात हलवायचा, मंत्र्यासारखा.

रतनबाई रोज भाकरीसाठी प्रार्थना करते हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. मी गेनूला म्हणालो, हिची प्रार्थना मी बंद पाडून दाखवतो. तो म्हणाला, पाडलीस तर मिशी उतरवतो. त्या मिशीत काय होतं? चिमणीनं घरटं सोडून दिलं होतं तेवढंच. पण पैज ती पैज.

मंगळवारी बाराच्या सुमाराला पुण्याकडून भोंगा आला. रतनबाईनं पळी ठेवली. मी उपरणं हलवत रस्त्यात गेलो आणि गोरखला सांगितलं, की नसरापूरला तपासणीचे साहेब उभे आहेत, ॲम्ब्युलन्स उघडून आत नाक घालून हुंगतायत. बेण्यानं करकचून ब्रेक दाबला. भोंगा बंद करायचंही विसरला. मी मागं जाऊन दार उघडलं.

स्ट्रेचरवर बकरं. पट्ट्यानं बांधलेलं, गळ्यापर्यंत चादर. कुणाच्या तरी जत्रेला चाललेलं. त्याला सलाईन मी नंतर लावलं, गोष्ट सांगताना. त्या दिवशी फक्त चादर होती.

ते ओरडलं, आणि रतनबाईनं डोळे उघडले. बाक हसून हसून आडवा झाला. ती जवळ आली, बराच वेळ बघत राहिली. बकऱ्याच्या डोळ्यावरची माशी हाकलली आणि टपरीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा आला. रतनबाई दूध ढवळत राहिली. दूध उतू गेलं नाही. गेनूनं संध्याकाळी मिशी उतरवली, आणि खाली जे तोंड निघालं ते बघून आम्हाला मिशीची किंमत कळली.

मी मुद्दाम विचारलं, "काय रतनबाई, आज सुट्टी?"

"गाडी मोकळी होती याचं काही नाही, आण्णा," ती म्हणाली. "मोकळी असली तर बरंच की, कुणी दुखणाईत नाही. पण आता डोळे मिटले की बकरंच दिसतं. माणूस दिसत नाही. कुणासाठी मागू?"

चहा तोच होता, पण मला अर्धा टाकावा लागला. साखर विसरली असेल, म्हणालो.

बारा दिवस ती अशी. भोंगा वाजला की पळी घट्ट धरायची, जशी कुणी हिसकावून घेणार आहे. मी मात्र तेजीत होतो. माझ्या बकऱ्याला नसरापुरात सलाईन लागलं, वेल्ह्यात ऑक्सिजन. पालीला पोचेपर्यंत ते तीन दिवस अतिदक्षता विभागात राहून, डॉक्टरांना नमस्कार करून घरी आलं होतं. गोरखची गाडी दिसली की पोरंसोरं बें बें करायची. भोंगा ऐकून कुणी बाजूला होईना. मला वाटलं, बरी जिरली.

मग तो दिवस. हायवेचं काम निघालं होतं, त्यामुळं दोन्हीकडच्या गाड्या टपरीसमोरच्या अरुंद रस्त्यानं चालल्या होत्या. गावातल्या सोमनाथनं कांद्याचा टेम्पो रस्त्यावरच तिरका लावला होता आणि चहा घेत होता. भरदुपारी नसरापूरकडून भोंगा आला. टेम्पोमागं येऊन थांबला आणि केकाटत राहिला. सोमनाथ काही उठला नाही. म्हणाला, बकऱ्याला कसली घाई. बाक बें बें करायला लागला. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

गोरख खाली उतरला. एका पायात चप्पल नव्हती.

"सोमनाथ, टेम्पो काढ. आई हाय आत."

"आई का? मागल्या बारीला कोण हुता, मामा?" सोमनाथ म्हणाला. "त्येला शिंगं हुती."

आम्ही हसलो. गोरखनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो टपरीकडं वळला. "मावशी, तुमी तरी बघा. दार उघडून बघा, मंग सांगा ह्यांना."

रतनबाई उभी राहिली. गाडी तिच्यापासून दहा पावलांवर. मला वाटलं, जाईल आणि बघेल. पण ती सोमनाथकडं गेली, त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला, चहा रस्त्यावर ओतला.

"काढ टेम्पो."

मी म्हणालो, "अहो, आधी बघा तरी आत कोण आहे."

"नंतर बघते," ती म्हणाली.

एवढंच बोलली आणि पळी घेऊन रस्त्यात उतरली. समोरून येणाऱ्या कंटेनरपुढं ती पळी आडवी धरली. अठरा चाकं जागेवर थांबली. ही थाप नाही. थाप असती तर मी चाकं जास्त सांगितली असती. सोमनाथ मुकाट्यानं टेम्पोत चढला, टेम्पो कडेला गेला. मग रतनबाईनं गाडीचं मागचं दार उघडलं.

आत अक्काबाई, गोरखची आई. ओठ निळे पडलेले. छातीत कळ आली होती. शेजारी कुणी नाही, कारण पालीत गोरखनं हाका मारल्या तेव्हा गाडीत चढायला कुणी आलं नव्हतं. सगळे हसत होते. माझी गोष्ट तिथवर पोचली होती ना.

रतनबाई आत चढली. म्हातारीचा हात हातात घेऊन तिच्याजवळ बसली. दार ओढून घेतलं. गाडी गेली.

मागं दूध उतू जात होतं. गेनू म्हणाला, "चिमाजी, दूद चाललंय." मी ऐकलं. ओट्यावरून दूध खाली आलं, मातीत मुरलं, तरी मी उठलो नाही.

अक्काबाई वाचली. प्रार्थनेनं वाचली का कंटेनर थांबला म्हणून, हे मला विचारू नका. बाकावर आठ दिवस तीच चर्चा होती. ज्यांनी रस्ता अडवला तेच चर्चा करत होते, त्यांच्या अकलेचं काय घेऊन बसलात? डॉक्टर म्हणे बोलले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. तो थोडा उशीर कुणामुळं झाला असता ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्याची चर्चा मात्र कुणी केली नाही. गोरखही आता मोकळ्या गाडीला भोंगा लावत नाही. गार भाकरी खातो.

रतनबाई तिसऱ्या दिवशी टपरीवर आली. पहिला भोंगा वाजला, तशी पळी खाली गेली, डोळे मिटले. भोंगा विरल्यावर मी हळूच विचारलं, अजून बकरं दिसतं का?

"दिसतं की," ती म्हणाली. "अक्काबाईच्या पायथ्याशी बसलेलं असतं. बसू दे. त्याला तरी कोण आहे?"

आता भोंगा वाजला की मी उठतो आणि गॅस बारीक करतो. बाकावरची गाढवं हसतात. गेनूची मिशी परत फुटतेय, तो तिच्याआडून हसतो. मी रतनबाईशेजारी उभा राहतो, पण डोळे काही मिटत नाही. मिटले तर कोण बें बें करताना दिसेल, ते मला ठाऊक आहे.