गरम पाठीचं यंत्र

दवाखान्याच्या जनरल वॉर्डात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पेशंट बावीस आणि बघे साठ. कुणी खिडकीच्या कठड्यावर टेकलेलं, कुणी सलाइनचा स्टँड धरून उभं, आणि सगळ्यांच्या माना एकाच भिंतीकडे. तिथे ताटाएवढा तांब्याचा पत्रा टांगलेला, त्यावर त्रिकोणात त्रिकोण कोरलेले. पत्र्याखाली खुर्चीत शीतलमहाराज.

"बाहेर सूर्य आग ओकतोय," महाराज डोळे मिटून म्हणाले, "आणि इथे बर्फाचा डोंगर उतरलाय. हे यंत्र विजेवर नाही, श्रद्धेवर चालतं. ज्याचं मन निर्मळ त्याला गारवा. ज्याच्या पोटात पाप त्याला थरथर."

बघ्यांनी तोंडात बोटं घातली. घालणारच. पाच दिवसांपूर्वी याच वॉर्डात पेशंट पुठ्ठ्याने वारा घेत होते आणि आज खरंच गार होतं.

दाराशी उभ्या फिटरला मात्र किळस आली, आणि ती आधी स्वतःचीच. गेली सोळा वर्षं दवाखान्यातली गार-गरम हवा तोच सांभाळायचा. जुनं मशीन वीज खायचं बकाबका, शिवाय त्याला हुकूम देणारी भिंतीवरची थर्मोस्टॅटची डबी कुणा दीडशहाण्याने थेट हवेच्या झरोक्याखाली बसवलेली. डबीला गार लागलं की मशीन बंद, मग पेशंट उकडून निघोत. म्हणून त्याने अर्ज केला होता: नवीन मशीन घ्या, प्रत्येक खोलीची डबी वेगळी ठेवा, तापवाल्याला गार आणि म्हाताऱ्यांना ऊब मिळेल, वीजही कमी जाईल.

ऑफिसातल्या क्लार्कने 'मशीन' खोडून 'यंत्र' केलं. "कागदावर शुद्ध लिहावं, मामा," तो म्हणाला, आणि फिटरनेही मान डोलावली. दवाखान्याच्या अध्यक्षसाहेबांनी 'वॉर्डात नवीन यंत्र बसवावे' एवढंच वाचलं आणि आपल्या गुरूंना बोलावून हा पत्रा ठोकला. अर्जावर शिक्का पडला, मागणी पूर्ण. आता बोंबलून काय उपयोग?

गर्दीतून वाट काढत तो अकरा नंबरच्या खाटेशी गेला. तिथे त्याची थोरली बहीण होती, खुब्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झालेली. ओठ जांभळे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले.

"ताई, थंडी वाजतेय तुला?"

"छे रे. छान गारवा आहे." बोलताना तिचे दात एकमेकांवर आपटत होते.

"पांघरूण कुठाय?"

उत्तर नर्सबाईंनी दिलं, खालच्या आवाजात. "पांघरूण मागेल तो पापी, असं झालंय इथे. कुणी तोंड उघडत नाही. आणि अध्यक्षांनी ब्लँकेटं स्टोअरला पाठवली, यंत्राचा अपमान होतो म्हणे. सकाळी हिचं अंग सदतीसवरून चौतीस डिग्रीवर आलं होतं. मी वर कळवलं. वरून उत्तर आलं, श्रद्धा वाढवा."

फिटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजारी माणसाला कुडकुडवायचं आणि वर त्यालाच पापी ठरवायचं. इतका घाणेरडा धंदा त्याने पाहिला नव्हता. त्याने खिशातला थर्मामीटर खाटेवर ठेवला. सतरा डिग्री. मग भिंतीवरची डबी वाचली, ती पत्र्याच्या कडेला अगदी चिकटून होती. तेहतीस.

एकाच खोलीत सतरा आणि तेहतीस? त्याने सरळ पत्र्यामागे हात घातला आणि चटका बसला तसा मागे घेतला.

"हात लावू नकोस," महाराजांचे डोळे चटकन उघडले. "कोप होईल."

"झालाय आधीच, माझा," म्हणत फिटरने पत्रा खुंटीवरून काढला आणि उलटा करून पुढच्या रांगेतल्या आजोबांसमोर धरला. "आजोबा, बोट लावा. हलकेच."

"अरे, हा तर तापलाय," आजोबा म्हणाले.

पाठीला एक रबरी शेकपट्टी चिकटवलेली होती आणि तिला बॅटरी. रोज सकाळी 'यंत्राची सेवा' करायला येणारा शिष्य बॅटरीच बदलायचा. आत्ताही तो खुर्चीमागे उभा होता, झोळीत दोन बॅटऱ्या घेऊन. तो झोळी पाठीमागे लपवू लागला, तेव्हा नर्सबाईंनीच ती ओढून घेतली.

"ही शेकपट्टी डबीला तापवते," फिटर म्हणाला. "डबीला वाटतं खोली पेटलीय. मशीन पाच दिवस, पाच रात्री, एक क्षण न थांबता पळतंय. श्रद्धेवर नाही, विजेवर, आणि नेहमीच्या दुप्पट."

बोलता बोलता डबी निवली आणि मशीनची घरघर थांबली. फिटरने नर्सबाईंचा गरम चहाचा कप घेऊन डबीखाली धरला. जरा वेळाने घरघर पुन्हा सुरू, झरोक्यातून गार झोत.

"बघा, चहाही सिद्धपुरुष निघाला."

काही लोक हसले. महाराज तेवढ्यात मागच्या दाराने पसार झाले. बघ्यांत उभे असलेले अध्यक्षसाहेब घाम पुसत म्हणाले, "जरा हळू बोल. लोकांच्या भावनेचा प्रश्न आहे."

"साहेब, चौतीस डिग्रीला भावना गोठतात. ब्लँकेटं काढा."

ब्लँकेटं आली. फिटरने ताईला दोन पांघरली आणि तिचे तळवे चोळत बसला.

"मला वाटलं," ती हळूच म्हणाली, "आईच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्यावर चिडले होते ना, तेच बाहेर पडतंय. म्हणून दात दाबून पडले होते."

त्याने ब्लँकेट तिच्या खांद्यापर्यंत ओढलं. मग तो उठला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐका. थंडी वाजली तर पांघरूण मागा. उकडलं तर मला हाक मारा. ते पाप नव्हे, तो हवेचा दोष आहे. हवा दुरुस्त करता येते. फक्त वाजतेय म्हणून सांगा."

मग कोपऱ्यातल्या खाटेवरून एक हात वर झाला, मग दुसरा, आणि पाहता पाहता सगळ्या वॉर्डाने हात वर केले.