सर्वांना मज्जाव

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात बसवलेल्या खोलीत काकांचे राज्य होते. राज्य म्हणजे दोन संगणक, एक सतत गुरगुरणारे वातानुकूलन यंत्र आणि विद्यापीठाचे चार हजार सातशे बारा शोधप्रबंध. हे प्रबंध आता कपाटांतून उठून भिंतीलगतच्या एका काळ्या यंत्रात राहायला आले होते. हा डिजिटल संग्रह काकांनी स्वतःच्या हाताने उभा केला होता. तंत्रनिकेतनातल्या पदविकेवर विद्यापीठातल्या पंडितांचे लिखाण आपण सांभाळतो, याचा त्यांना अभिमान होता. आणि तो ते कोणाला दाखवत नसत, म्हणजे दिवसातून एखाद्या वेळीच दाखवत.

त्या संग्रहात एक प्रबंध त्यांच्या लेकीचा होता. विटांच्या जुन्या भिंतीत ओल आणि क्षार कसे चढतात आणि कोणता गिलावा त्यांना बाहेर पडायला वाट देतो, असा विषय. त्यासाठी तिने सहा वर्षे खर्ची घातली होती. घराच्या गच्चीवर तिने चौदा बुटक्या भिंती बांधल्या होत्या आणि आईला कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. पदवी मिळाली, प्रबंध संग्रहात चढला आणि नऊ वर्षांत विद्यापीठाबाहेरच्या एकाही माणसाने तो उघडला नाही. चौथ्या वर्षी दूरच्या एका प्राध्यापकाने तोच निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि तोही प्रामाणिकपणे, कारण हिचे काम त्याला कुठे सापडलेच नव्हते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारले गेले, "हे तर आधीच सिद्ध झालंय. तुम्ही नवीन काय केलंत?" तिने आपल्या प्रबंधाची तारीख सांगितली. समितीने तिथल्या तिथे इंटरनेटवर शोधून पाहिले. काही मिळाले नाही. त्यानंतर तिने कुठेच अर्ज केला नाही. आता ती एका रंगाच्या कंपनीत तक्रार विभागात होती आणि भिंतीला पोपडे आले म्हणून ओरडणाऱ्या लोकांचे फोन दिवसभर घेत होती.

त्यामुळे नव्या ग्रंथपाल बाईंनी संग्रह जगाच्या नजरेस आणायचा विडा उचलला, तेव्हा काकांच्या अंगात बारा हत्तींचे बळ आले. निवृत्तीला सहा महिने उरले होते. जाण्यापूर्वी लेकीचा प्रबंध कोणा परक्या माणसाने उघडलेला त्यांना पाहायचा होता. बाकीचे चार हजार सातशे अकरा ओघाने येणारच होते.

"काका, इतके प्रबंध आणि वाचक किती? तुम्ही आणि मी," बाई म्हणाल्या.

"मला धरू नका मॅडम. मी नुसता सांभाळतो."

"म्हणजे मी एकटीच! आणि मीही झोप येत नसेल तेव्हाच वाचते."

दोघांनी तीन महिने मान मोडून काम केले. नुसते फोटो काढून ठेवलेल्या पानांचे शोधता येईल अशा मजकुरात रूपांतर केले. प्रत्येक प्रबंधाला सारांश जोडला, विषयाचे शब्द जोडले, कधीही न बदलणारा पत्ता दिला. लेकीचा सारांश काकांनी तीनदा तपासला. एवढे होऊनही बाहेरच्या वाचकांचा आकडा शून्यावर ठाण मांडून बसला होता.

"शोधयंत्रांच्या लेखी आपण जन्मालाच आलेलो नाही," एका मंगळवारी बाई खुर्ची ओढत म्हणाल्या. "दारावरची फाइल दाखवा बरं."

कोणत्याही संकेतस्थळाच्या दाराशी सूचनांची एक लहानशी फाइल असते. शोधयंत्रे पाने वाचायला जे प्रोग्रॅम पाठवतात, ते आत शिरण्यापूर्वी ती फाइल वाचतात आणि तिचा मान राखतात.

"ती काय बघायची? ती मी स्वतः लिहिली आहे," काका म्हणाले आणि त्यांनी ती उघडली.

दोनच ओळी होत्या. पहिलीत म्हटले होते, येणारा कोणीही असो. दुसरीत म्हटले होते, आतले काहीही वाचू नये.

मग काका उठले आणि कपाटातून आपली जुनी वही घेऊन आले. यंत्रात केलेला प्रत्येक बदल तारखेनिशी वहीत लिहायचा आणि काम पुरे झाले की पुढे बरोबरची खूण करायची, हा त्यांचा शिरस्ता. संग्रहाची चाचणी चालू असताना अर्धकच्ची माहिती जगापुढे जाऊ नये म्हणून त्यांनी तात्पुरता मज्जाव घातला होता. उद्घाटनाच्या आठवड्यातल्या पानावर शेवटची नोंद होती: मज्जाव काढणे. तिच्यापुढे खूण नव्हती. त्या दिवशी ते दुपारीच निघून गेले होते. लेकीची तोंडी परीक्षा होती आणि त्यांना सभागृहाबाहेरच्या बाकावर बसून राहायचे होते. दुसऱ्या सकाळी त्यांनी नवे पान सुरू केले. मागचे पान उलटून पाहायची त्यांना सवयच नव्हती, कारण त्यांचे मागचे पान कधी अपुरे राहिलेच नव्हते. विद्यापीठाच्या आवारात सगळे व्यवस्थित सापडत असे, म्हणून पुढेही कोणाला शंका आली नाही.

"होतं काका असं," बाई हळूच म्हणाल्या. "मीही असते तर—"

"तुम्ही नव्हता," काका म्हणाले आणि त्यांनी त्या ओळी पुसल्या. त्याला दोन सेकंदही लागले नाहीत.

अकराव्या दिवशी लेकीचा प्रबंध शोधात पहिल्याच पानावर दिसू लागला.

घरी त्यांनी बायकोला सांगितले. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"तिला सांगू नका."

"तिला कळायला हवं."

"कोणासाठी? तिच्यासाठी, की तुमचं मन हलकं व्हावं म्हणून?" ती म्हणाली. "आता कुठे पोरगी चार शब्द हसून बोलायला लागलीये. आजवर तिनं जगाला दोष दिला, तो जगाला पचला. तुम्हाला दिला, तर तुम्हाला पचणार आहे का?"

दोन रविवार काकांनी तसेच जाऊ दिले. तिसऱ्या रविवारी सकाळी ते एकटेच लेकीच्या घरी गेले. ती इस्त्री करत होती.

"हे काय, न कळवता? आईनं हाकललं वाटतं!"

"नाही गं, ठमाबाई. बस जरा."

"एवढ्या बाह्या राहिल्यात. तुम्ही बोला, माझे कान मोकळे आहेत."

काकांनी अहवाल द्यावा तसे क्रमाने सांगितले. तारीख, फाइल, दोन ओळी, वही, राहिलेली खूण. आवाज कापू नये म्हणून त्यांनी ते बसमध्ये मनातल्या मनात चार वेळा म्हटले होते. लेकीने इस्त्रीचे बटण बंद केले.

"दोनच ओळी?"

"दोनच."

"आणि आता दिसतो?"

"पहिल्या पानावर."

ती हसली; पण ते हसणे तिच्या तोंडावर टिकले नाही. "पहिलं वर्षभर मी रोज शोधायचे, बाबा. घरून, मैत्रिणीकडून, कुठून कुठून. मला वाटलं, शोधयंत्रं सगळंच थोडी दाखवतात? लोकांना हवं तेच दाखवत असतील. तुमच्यावर शंका घ्यायचं मनात आलं नाही. तुमच्या हातून काही राहतं, हे मला माहीतच नव्हतं. मग मी ठरवलं, माझ्यातच काही नाही. नऊ वर्षं मी स्वतःला सुमार समजून जगतेय."

"तू सुमार नव्हतीस. तुझी तारीख त्या प्राध्यापकाच्या आधीची आहे. मी त्यांना कळवतो, समितीला कळवतो—"

"नको."

"चूक माझी आहे. मला ती दुरुस्त करू दे."

"फाइल दुरुस्त झाली ना? झालं तर मग." तिने सदरा उचलला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तुम्ही आता जा, बाबा. मी चिडलेले नाही. पण थोडे दिवस मला फोन करू नका."

थोड्या दिवसांचा महिना झाला. बायकोने काकांना एका शब्दाने टोचले नाही, आणि त्यांना तेच अधिक लागले.

मग ग्रंथालयाच्या पत्त्यावर एक मेल आली. कुठल्याशा दूर देशातली विद्यार्थिनी लिहीत होती. प्रबंध तिने दोनदा वाचला होता. सातव्या भिंतीचा गिलावा बाकीच्यांपेक्षा उशिरा वाळला, तरी तिच्यातून क्षार आधी बाहेर पडले. हे कसे, असा तिचा प्रश्न होता. या कामाइतके स्पष्ट तिला दुसरे काही सापडले नव्हते, असेही तिने लिहिले होते.

मेल पुढे पाठवता आली असती. काकांनी ती छापून घेतली आणि संध्याकाळी ते लेकीच्या दारात जाऊन उभे राहिले. तिने त्यांना आत या म्हटले नाही, पण कागद घेतला. वाचता वाचता तिची मान वर आली. एके काळी गच्चीवरच्या भिंतींमध्ये पहाटे अनवाणी फिरणाऱ्या मुलीचा चेहरा काकांना ओळखू आला.

"प्रश्न बरोबर आहे हिचा," ती भराभर बोलू लागली. "सातवीत वाळू जाड होती. म्हणजे छिद्रं मोठी. मग पाणी उशिरा सुटतं, पण क्षार... क्षार पृष्ठभागाशी येतात, कारण..."

ती थांबली. तिने पुन्हा सुरुवात केली. "वाळू जाड होती, म्हणजे..." दाराच्या चौकटीवर तिची बोटे काहीतरी आकृती काढत राहिली आणि मग तीही थांबली.

काकांना काही सुचवता येण्यासारखे नव्हते. त्यांना ते कधी येतच नव्हते.

"मला आठवत नाही, बाबा," ती म्हणाली. "हे मला यायचं. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं."

"प्रबंध बघून—"

"प्रबंधात नाहीये ते. ते पुढच्या कामासाठी ठेवलं होतं. डोक्यात."

जिन्यातला दिवा लागला. तिने कागद नीट चौघडी करून त्यांच्या हातात परत दिला.

"तिला तुम्हीच उत्तर लिहा. लिहा, लेखिका आता या विषयावर काम करत नाहीत."

काकांनी खिशातून पेन काढले, कागद भिंतीला टेकवला आणि ती सांगत होती तसे, तिच्यासमोर, एकेक अक्षर लिहून घेतले.