कोरिन वासेक हॉलमध्ये का जात नव्हती

नेब्रास्कातल्या मिलाडा गावात कुणी वारलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी कोरिन वासेकला फोन यायचा. गावची दफनभूमी तिच्या ताब्यात होती. उन्हाळ्यात गवत कापायचं, कलंडलेले दगड सरळ करायचे, फाटकाला रंग लावायचा आणि बाराही महिने खड्डे खणायचे. हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते, म्हणून आदल्या दिवशी त्या जागेवर पत्र्याचं झाकण टाकून आत गॅसची शेगडी पेटवून ठेवायची आणि मग खणायचं मशीन लावायचं. हे काम ती अकरा वर्षं करत होती आणि तिच्या हातचा खड्डा कधी वाकडा निघाला नव्हता.

त्याच्याआधी पंधरा महिने तिनं इराकमध्ये इंधनाचा टँकर चालवला होता. बावीस वर्षांची होती तेव्हा. तिच्या पुढे धावणारे दोन टँकर तिच्या डोळ्यांदेखत जळाले होते. गावात सगळ्यांना ती लढाईवरून आली हे माहीत होतं, पण त्याविषयी कुणी विचारत नसे आणि ती सांगत नसे.

गावच्या मुख्य रस्त्यावर माजी सैनिकांचा हॉल होता. विटांची बसकी इमारत, दारात जुनी तोफ, आत बार, भिंतीवर आजवरच्या अध्यक्षांचे फोटो. शुक्रवारी तिथं तळलेले मासे मिळत आणि निम्मं गाव जेवायला येई. कुठल्याही सैनिकाच्या दफनाला बंदुकांची सलामी द्यायला हॉलचीच माणसं येत. त्यामुळे वर्षातून वीसेक वेळा कोरिनची आणि त्यांची गाठ पडे. ती आपल्या शेडपाशी मशीन बंद करून उभी राही. ते हात वर करत, तीही करी. तेवढंच.

ती हॉलमध्ये एकदाच गेली होती. घरी परतून तीन आठवडे झाले होते आणि आई मागे लागली होती, "जा ना, तुझ्यासारखीच माणसं असतील तिथं." दाराजवळच्या टेबलावर बसलेल्या माणसानं मान वर न करताच तिच्यासमोर एक फॉर्म सरकवला.

"हा बायकांच्या शाखेचा. नवऱ्याचं नाव वर, तो कुठल्या लढाईत होता ते खाली."

"नवरा नाही मला," कोरिन म्हणाली. "लढाईत मीच होते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हसला. खवचट नव्हतं ते हसणं, उगाच आलेलं. "मग तुला दोन्ही फॉर्म लागतील, पोरी!" बारवरचे तिघेही हसले. कोरिननं मासे घेतले, निमूट खाल्ले आणि घरी आली. नंतर कुणी विचारलंच तर सांगायची, तिथला सिगरेटचा वास सोसत नाही. तेही खोटं नव्हतंच.

खरं कारण तिनं फक्त लॉनी बाकाला सांगितलं होतं. लॉनी टँकरमध्ये तिच्या शेजारी बसायचा. आता तास-दीड तासाच्या अंतरावर ग्रँड आयलंडला राहायचा. दर रविवारी दोघं फोनवर बोलत.

"बरं केलंस नाही गेलीस ते, सार्जंटबाई," लॉनी म्हणायचा. "पंधरा महिने लोकांचे हुकूम ऐकले. आता म्हाताऱ्यांच्या मीटिंगा ऐकायच्या का? आणि पाहा, तिसऱ्या ग्लासाला कुणीतरी विचारणारच, किती जणांना मारलंस म्हणून." एवढं बोलून त्याला खोकल्याची उबळ येई. तिकडे छावणीचा सगळा कचरा उघड्या खड्ड्यात रॉकेल ओतून जाळत, आणि त्या धुराच्या वाऱ्यातच लॉनीचा तंबू होता. उपचारासाठी त्यानं सरकारकडे अर्ज केला होता. तो दोनदा नामंजूर होऊन परत आला होता.

फेब्रुवारीत एमिल द्वोराचेक गेला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, कोरियाच्या लढाईतला. आयुष्यभर गावात बेकरी चालवली. दफनाच्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडायला लागला आणि दहाच्या सुमाराला हायवे बंद झाला. शवपेटीवरच्या झेंड्याची घडी घालून तो विधवेच्या हातात द्यायला सैन्याचे दोन जवान लिंकनहून येणार होते. ते वाटेतच अडकले.

हॉलची चार माणसं मात्र आली होती. त्यातला लायल कुचेरा शेडकडे चालत आला. सत्तरी ओलांडलेला, व्हिएतनामला जाऊन आलेला. पुढे तीस वर्षं त्यानं शेतांवर गॅसच्या टाक्या पोचवल्या होत्या. कोरिनच्या शेगडीचा गॅससुद्धा एके काळी तोच आणून देई.

"ते दोघं येत नाहीत," तो म्हणाला. "तिघं बंदुकांवर लागतील. राहिलो मी. आणि हे बघ." त्यानं हातमोजा काढला. हात पाण्यावरच्या पानासारखा थरथरत होता. "कंपवात. एक टोक ताणून धरेन, पण घडी नाही जमायची मला."

"मी काय करू मग?"

"तुला येते ना घडी."

"तुम्हाला काय माहीत?"

"कोरिन, न शिकवता सोडतात का कुणाला?"

तिच्या अंगावर मळकी डांगरी होती, बुटांना चिखल होता. "अशी येऊ?"

"त्या बाईला अर्धा तास बर्फात बसवलंय आपण," लायल म्हणाला. "चल."

ती गेली. तीन बंदुकांनी तीनदा बार काढले. मग त्यातल्याच एकानं बंदूक खाली ठेवून बिगूल उचलला. खरा वाजवणारा गावात आता कुणी उरला नव्हता, म्हणून बिगुलाच्या तोंडात बॅटरीवर वाजणारा डबा बसवलेला असे आणि माणूस नुसता ओठांना लावून उभा राही. थंडीनं बॅटरीनं मान टाकली. चार सूर वाजले आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं ते यंत्र थांबलं. लायलनं दातांखाली एक शिवी हासडली. खुर्चीत बसलेली मिल्ड्रेड द्वोराचेक शांतपणे म्हणाली, "पुन्हा लावा. एमिललाही पहिल्या हाकेला उठायची सवय नव्हती." डबा काढून खिशात गरम केला, पुन्हा लावला. या वेळी पुरा वाजला.

मग झेंडा. लायलनं निळं टोक दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. कोरिन दुसऱ्या टोकाकडून त्रिकोणात त्रिकोण घालत त्याच्याकडे सरकत गेली. शेवटचा पदर तिनं आत खोचला तेव्हा लाल रंगाची रेघसुद्धा बाहेर दिसत नव्हती.

"माझा गुडघा वाकला तर उठायचा नाही," लायल पुटपुटला. "तूच दे."

कोरिन बर्फात गुडघ्यावर बसली. म्हणायची वाक्यं तिला पाठ होती. अकरा वर्षं शेडपाशी उभं राहून दोनेकशे वेळा ऐकली होती. राष्ट्राध्यक्षांच्या वतीनं, सैन्याच्या वतीनं आणि कृतज्ञ देशाच्या वतीनं. आवाज तिचाच होता, पण तिला तो ओळखीचा वाटेना.

मिल्ड्रेडनं झेंडा मांडीवर घेतला आणि कोरिनचा हात सोडलाच नाही. "एमिल कधी त्या हॉलमध्ये गेला नाही, माहीत आहे?"

"नाही, मिसेस द्वोराचेक."

"म्हणायचा, मी तिकडे बटाटे सोलले. त्यांच्यात बसून काय सांगू? त्यांनी कधी बोलावलं नाही, हा कधी गेला नाही. असं करत करत साठ वर्षं झाली." तिनं झेंड्याची कड अंगठ्यानं दाबली. "दर शुक्रवारी त्यांचा पाव मात्र हाच भाजायचा."

लोक पांगल्यावर कोरिन मशीन सुरू करणार, तोच लायल शेडमध्ये येऊन उलट्या बादलीवर बसला. तिनं थर्मासमधली कॉफी त्याला दिली, कप अर्धाच भरला, हाताचा थरकाप लक्षात घेऊन.

"तू हॉलमध्ये का येत नाहीस?" त्यानं विचारलं.

"आले होते एकदा. टेबलावरच्या माणसानं बायकांच्या शाखेचा फॉर्म दिला. वर हसला."

"कोण गाढव होता तो?"

"तुम्ही."

लायलनं कप खाली ठेवला. बाहेर वाऱ्यानं पत्रा वाजत होता.

"मला आठवत नाही."

"मला आठवतं."

"खरंच हसलो?"

"हसलात."

तो एका बुटावरचा बर्फ दुसऱ्या बुटानं खरवडायला लागला. माफी वगैरे त्यानं मागितली नाही. आपलंच सांगायला लागला. "मी सत्तर साली परत आलो. गणवेशातच गेलो हॉलवर. दारात दुसऱ्या महायुद्धातला एक बसायचा, जेरोम पोकोर्नी. म्हणाला, तुमचं ते युद्ध नव्हे, आणि जिंकलेलंही नाही, बार पलीकडच्या रस्त्याला आहे. तेरा वर्षं मी त्या फूटपाथनं चाललो नाही."

"मग गेलात कशाला?"

"अंगावर फोड यायला लागले. तिकडे झाडं वाळवायला जंगलावर फवारायचे ना, त्या औषधाचे. सरकार म्हणे पुरावा द्या. बायकोनं ते कागद न विचारता नेले हॉलवर, आणि तिथं कागदांचं काम कोण करायचं? तोच पोकोर्नी. तीन वर्षं लढला माझ्यासाठी. ओमाहाच्या हॉस्पिटलात अकरा वेळा स्वतःच्या गाडीतून नेलं. एका शब्दानं माफी मागितली नाही त्यानं. मीही त्याला कधी आवडलो नाही बहुतेक."

"मग आता तुम्ही मला कुठं नेणार?" कोरिननं विचारलं.

"मला गाडी चालवायची बंदी आहे," लायल म्हणाला.

दोघंही हसले. बऱ्याच दिवसांनी तिला असं पोटातून हसू आलं होतं. हसणं ओसरल्यावर तिनं लॉनीच्या खोकल्याची गोष्ट काढली. लायल एकदम ताठ बसला. अर्जाला डॉक्टरचं पत्र जोडलं होतं का? छावणीचं नाव, तारखा? शेजारच्या तंबूतल्या कुणाची साक्ष? कोरिनला यातलं काही माहीत नव्हतं.

"बुधवारी सकाळी कागद घेऊन हॉलवर ये," तो म्हणाला. "काय लिहायचं ते सगळं मला माहीत आहे. फक्त लिहायला हात लागेल."

रविवारी तिनं लॉनीला सांगितलं.

"म्हणजे तुला फितवली त्यांनी," लॉनी म्हणाला. "एक झेंडा दुमडला आणि सार्जंटबाई विरघळल्या!"

"कागद पाठवतोस की नाही?"

"कागद येतील. मी येणार नाही."

"तुला कुणी बोलावलंय?"

बुधवारी बार बंद असे. कोपऱ्यातल्या टेबलावर लायल सांगे आणि कोरिन लिही. तारखा जुळवायला तिला स्वतःच्या जुन्या वह्या काढाव्या लागल्या, धुराविषयी स्वतःची साक्ष लिहावी लागली. एवढ्या वर्षांत तिनं त्या दिवसांतली एक ओळ कागदावर उतरवली नव्हती. चार पानं झाली. लायलनं ती वाचली, दोन ठिकाणी तारीख घालायला सांगितली आणि बाकी काही विचारलं नाही. किती जणांना मारलंस हे त्या टेबलावर तिला कधीच कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये ती पहिल्यांदा मासिक सभेला बसली. अकरा माणसं, त्यातली तिघं बहिरी. छप्पर कुठं गळतं यावर चाळीस मिनिटं वाद झाला आणि शेवटी पुढच्या महिन्यावर ढकलला. कोरिनचा जीव नुसता आंबून गेला. ती उभी राहिली आणि म्हणाली, "शिडी कुठंय?" वर चढून बघून आली, दोन पत्रे निखळले होते, ते शनिवारी बसवून दिले. एका म्हाताऱ्यानं तक्रार केली की ठराव न करता काम झालं. लायल त्याला म्हणाला, "मग तू वर चढून परत उचकट."

सभासदत्वाचा फॉर्म तिनं मे महिन्यात भरला. त्याआधी लायलला बजावून सांगितलं, "दाराशी कुणीही आलं, बाई असो की बाप्या, पहिला प्रश्न एकच विचारायचा. तुम्ही कुठं होता?" लायलनं तो प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून टेबलाला चिकटवला. त्याच्या हाताची ती अक्षरं कुणाला लागत नाहीत, पण टेबलावर बसणाऱ्यांना तो प्रश्न विचारायची सवय झाली आहे.

त्या वर्षी गावात सतरा सैनिकांची दफनं झाली. कोरिन आदल्या दिवशी खणे, दफनाच्या सकाळी शेडमध्ये कपडे बदलून बंदूक घेऊन रांगेत उभी राही, आणि सगळे गेल्यावर परत डांगरी चढवून माती लोटी. एकदा मात्र ती आली नाही. गेलेला माणूस तिच्याच वयाचा होता, तिच्याच युद्धातला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःला संपवलं होतं. खड्डा तिनं खणला. सलामीच्या वेळी शेडचं दार आतून लावून घेतलं. लायलनं रांगेत तिची जागा रिकामी ठेवली आणि तिघांकडूनच बार काढून घेतले. नंतर कुणी तिला त्याविषयी छेडलं नाही.

लॉनीचा अर्ज नोव्हेंबरात मंजूर झाला. आता त्याच्यावर ओमाहाला उपचार चालू आहेत, आणि निम्म्या वेळा कोरिनच त्याला तिथं नेते. गाडीत तो हॉलची थट्टा करतो, तिला अध्यक्षीणबाई म्हणतो. मंजुरीच्या पत्राची एक प्रत त्यानं लायलला पाठवली, मागे दोन ओळी लिहून: "तुमचे आभार मानतो. तुमच्यात सामील होणार नाही." लायलनं ती वाचून कागदांच्या फायलीत लावली आणि म्हणाला, "अक्षर चांगलं आहे पोराचं."

पुढच्या हिवाळ्यात लायलला त्याच्या मुलीनं लिंकनला नेलं. बुधवारचं टेबल कोरिनकडे आलं. शेजारच्या गावांतून लोक कागद घेऊन येतात. निम्म्याहून जास्त सभासद नसतात आणि होणारही नाहीत. कुणाला दारूची जागा नको असते, कुणाला ते दिवस परत नको असतात, कुणाला वाटतं आपण केलं ते सांगण्याजोगं नव्हतं. कोरिन कुणालाही आग्रह करत नाही. खुर्ची पुढे ओढते, वही उघडते आणि तारखांपासून सुरुवात करते.