कडेकडेनं
“साठ,” म्हणत रुद्राणीबाईंनी स्टॉपवॉच दाबलं.

टबात फिरणाऱ्या पांढऱ्या उंदराला भीमाशंकरनं हातानं वळवत प्लॅटफॉर्मवर नेलं, पंधरा सेकंद तिथं बसू दिलं आणि फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवलं.

लातूरच्या त्या फार्मसी कॉलेजात रुद्राणीबाई एकवीस वर्षं उंदरांचे पिंजरे धूत होत्या. बिलोलीहून आलेला भीमाशंकर तिथं पीएच.डी. करत होता. काही उंदरांना इंजेक्शन देऊन त्यांच्यात मनोविकारासारखा बिघाड आणायचा आणि त्यांची स्मरणशक्ती तपासायची, असं ते काम. टबातलं पाणी दुधाची पावडर घालून पांढरं केलेलं. पाण्याखाली एक छोटा प्लॅटफॉर्म लपवलेला. चांगला उंदीर चार दिवसांत त्याची जागा लक्षात ठेवी. इंजेक्शनवाले टबाच्या कडेकडेनं फिरतच राहत. साठ सेकंदांत जागा सापडली नाही, तर हातानं तिथवर पोचवायचं. वेळ मोजायचं काम बाईंकडं होतं.

दोन हजार सोळा साल. शहराला रेल्वेनं पाणी येत होतं. प्राचार्यांनी टब एकदाच भरून दिला होता.

चौथ्या दिवशी भीमाशंकरनं कॅमेऱ्यातलं चित्रण तपासलं.

“मावशी, सात नंबरचे एकेचाळीसच सेकंद झालेत. अकराचे अडतीस. तुम्ही साठ कसं म्हणलात?”

बाई ओलं फडकं पिळत राहिल्या.

“सगळे इंजेक्शनवालेच. चार दिवसांचं काम वाया गेलं ना, मावशी.”

“बघवंना, सर.”

“बुडत नाहीत ते. पोहता येतं त्यांना.”

“बुडायचं न्हाई हो. असं कडंकडंनं फिरणं म्या बघितलंय.”

मग त्यांनी जगदेवीचं सांगितलं. जगदेवी त्यांची थोरली बहीण. बाळंतपणानंतर तिचं डोकं फिरलं, तेव्हा सासरच्यांनी तिला औशाला माहेरी आणून सोडलं. तिला घर ओळखू येत नसे. दुपारभर ती किल्ल्याच्या खंदकाच्या कडेनं चालत राही. चौदा वर्षांच्या रुद्राणीनं मागं मागं फिरायचं आणि हात धरून तिला घरी आणायचं. एका दुपारी रुद्राणी वैतागली. “फिर मग, म्या न्हाई येत,” म्हणाली आणि घरी येऊन निजली. उठली तेव्हा खंदकावर कुणी नव्हतं. विहिरी पाहिल्या, बसस्टँड पाहिलं. जगदेवी सापडली नाही. लातूर जिल्हा नवा झाला होता. वडील, शंकरप्पा, म्हणाले, “कचेऱ्या बसू देत, मग पोलिसांत कळवू.” कचेऱ्या बसल्या. वडिलांनी कळवलं नाही. रुद्राणीचं लग्न व्हायचं होतं.

“तवापासून ती फिरतच राहिली, सर. डोळं मिटलं की दिसती.”

भीमाशंकरनं सात नंबरच्या पिंजऱ्याचं दार नीट लावलं. “हे आकडे टाकून द्यावे लागतील. नवे उंदीर मिळतील. पण पाणी कुठून आणू? मोजायलाही दुसरं कुणी बघतो.”

“न्हाई. मोजीन म्याच.”

गल्लीत टँकर आला त्या दिवशी बाईंनी आपल्या वाटणीचं पिंप कॉलेजला न्यायला टमटममध्ये चढवलं. शेजारच्या विठाबाई दारातून ओरडल्या, “उंदरासाठी पाणी? येड लागलं का गं?”

“हाव, लागलं,” बाई म्हणाल्या.

या वेळी त्यांनी एकही सेकंद सोडला नाही. चार नंबरचा उंदीर कडेनं फिरत होता, पुन्हा पुन्हा त्याच जागी येत होता. बाईंच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तरी त्यांनी पापणी मिटली नाही. “साठ,” म्हणाल्या. चित्रणातही बरोबर साठ भरले.

शनिवारी त्या औशाला गेल्या आणि पोलीस ठाण्यात हवालदारासमोर बसल्या.

“कोण हरवलंय?”

“बहीण. जगदेवी.”

“कधीपासून?”

“ब्याऐंशी सालापासून.”

हवालदारानं पेन खाली ठेवलं. बाई उठल्या नाहीत, तेव्हा पुन्हा उचललं.

“वय?”

“तेवीस.”

“तसं न्हाई, बाई. आज किती असंल, ते सांगा.”

रुद्राणीबाई पेनाच्या टोकाकडं पाहत राहिल्या. केस पिकलेली जगदेवी त्यांना इतक्या वर्षांत एकदाही दिसली नव्हती.