त्रिविक्रमकाकांची तिथी

आश्लेषा प्रयोगशाळेतून आली की तिला आधी न्हाणीघरात पिटाळायचं, मगच स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू द्यायचा, असा घरातला रिवाज होता. प्रेतावरच्या अळ्या पाहून माणूस कधी मेला ते सांगायची असली कसली मेली नोकरी! स्थळं बघताना ‘मुलगी सरकारी सायंटिस्ट आहे’ एवढंच सांगायचं, असंही ठरलं होतं. आणि आज तीच सगळी मंडळी सोफ्यावर दाटीवाटीनं बसून तिच्या तोंडाकडे बघत होती.

झालं होतं असं, की तिचे त्रिविक्रमकाका गेले होते. सर्जापूर रोडवरच्या सोसायटीत काका एका टॉवरमध्ये एकटे राहत आणि त्यांचा मुलगा रघुनंदन बायकोसह समोरच्या टॉवरमध्ये. त्रयोदशीला शेजाऱ्यांना वास आला, दार फोडलं, तेव्हा कळलं. घातपात नव्हता, हार्ट अटॅक होता, दहनही उरकलं. अडलं ते तिथीपाशी. भलत्याच तिथीला श्राद्ध घातलं तर भाऊ उपाशी राहील, या धास्तीनं काकांच्या थोरल्या बहिणीचा, पद्मावतीअक्कांचा, डोळ्याला डोळा लागत नव्हता.

रघुनंदननं ही अडचण चुटकीसरशी सोडवली. एकादशी! रोज फोन करत होतो मी, तो म्हणाला, त्या दुपारीसुद्धा बोललो. आणि पुढे सांगितलं, “सारू-भात जेवलोय, आता स्वल्प आडवा होतो, म्हणाले.”

एकादशीचं मरण म्हणजे थेट वैकुंठ. घरचे पुरोहित हयवदनाचार्य यांनी पंचांग मिटून मान डोलावली, सुनेनं डोळे टिपले. पुण्यवान बाप आणि गुणी लेक, दोघांचीही सोय एका फोनमध्ये लागली होती.

आता एकादशीला काका भात सोडाच, पाणीसुद्धा घेत नसत, हे त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं? पण बोलायचं कुणी? अक्का जप करत होत्या, त्यांचा हात तेवढा थांबला. आश्लेषाला विचारू या, त्या म्हणाल्या, तिचं शिक्षणच त्यातलं आहे.

घरचंच माणूस म्हणून लॅबनं केस दुसऱ्याकडे दिली होती. पण दार फोडलं त्याच दिवशी काकांच्या फ्लॅटमध्ये आश्लेषा उभी राहिली होती आणि डोळे काही घरी ठेवून गेली नव्हती. गालिच्याच्या कडेखाली तपकिरी कोश पडले होते. अळ्या खाऊन-पिऊन मोठ्या होतात, प्रेत सोडून आडोशाला जातात आणि मग त्यांचे कोश होतात. या हवेत त्याला आठवडा तरी लागतोच.

ती तोंड उघडणार एवढ्यात कॉफीचं निमित्त करून रघुनंदननं तिला आत नेलं. एकादशीच राहू दे ना, तो म्हणाला, कुणाचं काय बिघडतं? तिला त्याची कीव आली आणि भयंकर रागही आला. ‘तुझ्या माश्या काय म्हणतात गं?’ असं कौतुकानं विचारणारा घरात एकच माणूस होता, आणि आता त्याच्याच नावावर हा खोटी तिथी खपवायला निघाला होता.

बाहेर येऊन ती सरळ म्हणाली, “पंचमी. फार तर षष्ठी.”

आचार्यांनी घसा साफ केला. असल्या हिशोबात दोन-चार दिवस इकडेतिकडे होतातच, असं रघुनंदन सगळ्यांना समजावू लागला. होतात, आश्लेषा म्हणाली, पण मागे. काका त्याच्याही आधी गेलेले असू शकतात, नंतर नाही. मग मात्र त्यानं फोन खिशात घातला आणि त्याची बायको पदराशी चाळा करू लागली.

अक्कांनी जपमाळ मांडीवर ठेवली.

“माश्या किती वेळानं येतात गं?”

“बाल्कनीचं दार उघडं होतं, अक्का. तासाभरात आल्या असतील.”

“सरी, बरं तर,” अक्का म्हणाल्या. “म्हणजे कुणीतरी वेळेवर पोचलं.”