तळाचा पत्रा

यमनाप्पा शहापुरातला लोहार. त्याचा धाकटा भाऊ सुबराव निपाणीच्या प्रवासी सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर. लढाई पेटली तशी दोघंही बेळगावच्या छावणीत जाऊन भरती झाले आणि नशिबानं इटलीत एकाच ठिकाणी आले. थोरला गाड्यांच्या वर्कशॉपात, धाकटा चिलखती गाडीवर.

चिलखती म्हणायची आपली. चारी बाजूंनी पोलाद, पण वरून उघडी. फौजेच्या पुढं जायचं आणि शत्रू कुठं दबा धरून बसलाय ते बघून यायचं, हे तिचं काम. डोंगरावरून गोळी आली की थेट आत. एकदा सुबराव परतला तो गाडीत शेजारी बसणाऱ्या भरमाचं प्रेत घेऊनच.

"अण्णा, डोस्क्यावर कायतरी घाल रं," एवढंच तो म्हणाला.

यमनाप्पानं साहेबाला गळ घातली, मोडक्या गाड्यांचे पत्रे कापले आणि छप्पर बसवलं. पुढं नव्या गाड्याही छपरासकटच येऊ लागल्या. सुबराव हरखला. "घरात बसल्यागत वाटतंय बघ!"

मग शत्रूनं वाटेत सुरुंग पेरले. गाडीचा तळ पातळ होता. तिकडं कुणाचं ध्यानच गेलं नव्हतं. एका पुलाच्या तोंडाशी सुबरावची गाडी त्याच्यासकट उडाली. ओढून आणली तेव्हा छपरावर ओरखडासुद्धा नव्हता. यमनाप्पानं वाकून खालून बघितलं आणि तिथंच चिखलात बसकण मारली.

लगोलग हुकूम आला, सगळ्या गाड्यांच्या तळाला जाड पोलाद लावा. यमनाप्पानं लावलं. डोळ्यांना धार लागलेली, तरी हात चालूच होते. त्यातलीच एक गाडी पुढं सुरुंगावर गेली. पाय मोडला, पण ड्रायव्हर जिवंत निघाला. खानापूरकडचा नागोजी. तो यमनाप्पाच्या गळ्यात पडून रडला. यमनाप्पाला मात्र त्याला जवळ धरता येईना.

लढाई संपली. घरी आल्यावर त्यानं आईला सगळं सांगितलं. सुबरावची बायको अंजनी हातमागावर बसून ऐकत होती.

"पत्रा लावता येत हुता, मग आधी का लावला न्हाईस?" आईनं विचारलं.

"कळलंच न्हाय गं, आई. सुब्या गेला तवा कळलं."

"म्हंजे माझं पोर गेलं म्हणून दुसऱ्यांची वाचली?"

"व्हय."

माग थांबला होता.

"भावजी," अंजनी म्हणाली, "त्या नागोजीला एकदा घरी आणा. मला बघायचाय त्यो."

नागोजी आला. मान खाली घालून जेवला. अंजनीनं त्याला आग्रह करकरून वाढलं, एका शब्दानं सुबरावचं नाव काढलं नाही. निघताना तो तिच्या पाया पडायला वाकला, तशी ती मागं सरली.

"नगं. नीट जावा."

तो लंगडत गल्लीच्या वळणाआड गेला. अंजनी दारातच उभी होती. सुबराव गेल्याची तार आली तेव्हाही तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. आता ती उंबऱ्यावर कोसळली आणि ऊर फुटेतो रडली. यमनाप्पा तिच्यापासून हातभर अंतरावर नुसता बसून राहिला.